बॅटरी बदलायची, की फोनच?

प्रतिनिधी

मोबाइल फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भाजीवाल्याचे पैसे, लोकलचा पास, बँकेचा ओटीपी, मुलांच्या शाळेच्या सूचना, गॅसचे बुकिंग असे सारे व्यवहार या एका यंत्रावर येऊन ठेपले आहेत. अशा वेळी सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी तीनलाच मान टाकू लागला, की माणूस अस्वस्थ होतो आणि जवळच्या मोबाइलच्या दुकानात जातो. तेथे मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. 'बॅटरी आत फिट आहे, फोन उघडावा लागेल, संध्याकाळपर्यंत ठेवून जा. खरं तर एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या.'

हा सल्ला नेहमीच चुकीचा असतो असे नाही. परंतु जो भाग झिजणार हे फोन बनविणाऱ्या कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तोच भाग बदलणे इतके अवघड आणि खर्चिक का व्हावे, हा प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी चप्पल टाकून देत नाही. फोनच्या बाबतीत मात्र हे आपण निमूटपणे स्वीकारले आहे.

दोन वर्षे, दोन घटना

बदल किती मोठा झाला, हे समजण्यासाठी दोन घटना आठवाव्या लागतील. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकिया कंपनीने आपल्या 'बीएल-५सी' या बॅटरीबाबत जगभर इशारा दिला. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता होती. भारतात तेव्हा नोकियाचेच राज्य होते. नोकिया ११०० घरोघरी होता आणि त्यात हीच बॅटरी असे. साहजिकच खळबळ उडाली. पण प्रत्यक्षात ग्राहकाने करायचे काय होते? मागचे झाकण सरकवायचे, बॅटरी बाहेर काढायची, तिच्या पाठीवरचा क्रमांक तपासायचा आणि ती सदोष निघाल्यास नवी फुकट मागवायची. फोन, त्यातील नंबर, एसएमएस सारे जागच्या जागी राहिले.

दुसरी घटना २०१६ची. सॅमसंगचा 'गॅलक्सी नोट ७' ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि बॅटरी पेटण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. दोष बॅटरीत होता, पण बॅटरी फोनमध्ये बंदिस्त होती. त्यामुळे परत घ्यावे लागले ते अख्खे फोन. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये या मॉडेलचे उत्पादनच थांबविण्यात आले. भारतात हा फोन ग्राहकांच्या हाती पडण्यापूर्वीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो वापरण्यास मनाई केली होती.

दोन्ही वेळी बिघडली ती बॅटरीच. २००७मध्ये बॅटरी बदलली आणि फोन वाचला, २०१६मध्ये बॅटरीबरोबर फोनही गेला. मधल्या नऊ वर्षांत बॅटरी ही सुटी वस्तू राहिली नव्हती.

योगायोग असा, की नोकियाच्या त्या इशाऱ्याच्या जेमतेम दीड महिना आधी, २९ जून २००७ रोजी, अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला होता. त्याची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. ती बदलण्यासाठी फोन कंपनीकडे पाठवायचा आणि ७९ डॉलर, शिवाय पाठवणीचा खर्च, भरायचा अशी व्यवस्था होती. त्या वेळी यावर बरीच टीका झाली. पण अन्य कंपन्यांनी टीका केली तशी पुढे नक्कलही केली. सॅमसंगने २०१४च्या 'गॅलक्सी एस ५'पर्यंत आपल्या वरच्या श्रेणीतील फोनची बॅटरी निघणारी ठेवली होती. २०१५च्या 'एस ६'पासून तीही बंद झाली.

बॅटरी झिजते म्हणजे काय?

फोनमधील लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे कण चार्ज होताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि वापर होताना परत येतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमत जातो आणि त्यात थोडेथोडे लिथियम कायमचे अडकून पडते. कामाला येणारे कण कमी झाले, की बॅटरीत साठणारी वीज कमी होते. त्याच वेळी बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. म्हणून जुन्या फोनमध्ये बॅटरी ३० टक्के दिसत असतानाही कॅमेरा सुरू करताच फोन बंद पडतो. एकदम जास्त वीज मागितली गेली, की थकलेल्या बॅटरीचा दाब कोसळतो.

हा वापराचा नैसर्गिक परिणाम आहे. तो लांबविता येतो, टाळता येत नाही. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी बदलण्याजोगी झाली, असे या व्यवसायात मानले जाते. आयफोन १४ आणि त्यापूर्वीचे फोन ५०० पूर्ण चार्जनंतर ही पातळी गाठतील, आयफोन १५ आणि नंतरचे १,००० चार्जनंतर, असे अॅपलचे म्हणणे आहे. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० म्हणजे साधारण दीड वर्ष आणि १,००० म्हणजे पावणेतीन वर्षे. फोनचा पडदा, कॅमेरा आणि प्रोसेसर मात्र याहून कितीतरी अधिक काळ टिकतात.

यात आपल्याकडील उन्हाळ्याची भर पडते. ३५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात बॅटरीच्या क्षमतेचे कायमचे नुकसान होऊ शकते, असा इशारा अॅपल देते. नागपूर-चंद्रपूरकरांनी मे महिन्यात या सूचनेचे काय करावे, हे मात्र कंपनीने सांगितलेले नाही. दुचाकीच्या हँडलवर फोन लावून दिवसभर उन्हात नकाशा पाहत घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या मुलांच्या फोनची बॅटरी लवकर का जाते, याचे उत्तर येथे आहे. ज्यांची कमाई फोनवर अवलंबून असते, त्यांच्याच बॅटरीवर सर्वाधिक ताण येतो.

कंपन्यांची बाजू

बॅटरी बंदिस्त करण्यामागे केवळ नफेखोरी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. निघणाऱ्या बॅटरीला स्वतःचे टणक कवच लागते, फोनमध्ये तिच्यासाठी कप्पा, स्प्रिंगची टोके आणि वेगळे झाकण लागते. यात जागा जाते. बंदिस्त बॅटरी अॅल्युमिनियमच्या पातळ पाकिटात असते, ती हव्या त्या आकारात बनविता येते आणि वाचलेल्या जागेत अधिक क्षमता बसविता येते. फोन चोरीला गेल्यावर चोराला पटकन बॅटरी काढून तो बंद करता येत नाही, हाही एक फायदाच. शिवाय सुट्या बॅटऱ्यांच्या काळात बनावट मालाचा सुळसुळाट झाला होता, हे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी केलेल्या कोणालाही आठवेल.

पाणी आत जाऊ नये म्हणून फोन चिकटवून बंद करावा लागतो, हा कारणांमधील सर्वांत जास्त सांगितला जाणारा मुद्दा. तो अर्धाच खरा आहे. 'गॅलक्सी एस ५'चे झाकण नखाने उघडत असे, तरीही त्याला पाण्यापासून संरक्षणाचे 'आयपी ६७' मानांकन होते. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. सॅमसंगच्याच 'एक्सकव्हर' मालिकेतील फोनची बॅटरी आजच्या काळातही हाताने निघते आणि त्यांना त्याहून वरचे मानांकन आहे. हे फोन कारखान्यांत, गोदामांत काम करणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून जाड आहेत. अशक्य असे त्यात काही नाही. जाडी कमी करण्याच्या शर्यतीत काय गमावले, तेही पाहावे. ८.१ मिलिमीटर जाडीच्या 'एस ५'ची बॅटरी २,८०० एमएएच होती. ६.८ मिलिमीटरच्या 'एस ६'मध्ये ती २,५५०वर आली. ग्राहकाची बॅटरी बंदिस्तही झाली आणि लहानही.

बिलात नेमके काय असते?

पूर्वी बॅटरी बदलण्याचा खर्च म्हणजे बॅटरीची किंमत. आता बॅटरीची किंमत हा बिलातील एक भाग आहे. बहुतेक फोनमध्ये मागची काच आधी तापवून तिचा गोंद सैल करावा लागतो. पातळ पट्टी फिरवून ती अलगद उचलावी लागते. आतल्या स्ट्रिप सोडवाव्या लागतात आणि मग गोंदाने चिकटविलेली बॅटरी न वाकविता, न टोचता बाहेर काढावी लागते. पाकिटातील बॅटरीला टोक लागले, तर ती पेट घेऊ शकते. त्यानंतर जुना गोंद खरवडून नवा लावणे आणि फोन पुन्हा बंद करणे. हे कुशल कारागिराचे काम आहे आणि त्याची मजुरी मागण्याचा त्याला हक्क आहे. काढताना काच तडकली, बोटाच्या ठशाच्या सेन्सरची स्ट्रिप तुटली, तर त्याचा भुर्दंड वेगळा. तो कोणी सोसायचा, हे आधी ठरलेले नसते आणि बरीच भांडणे तेथेच होतात.

कंपनीच्या सेवा केंद्रात या सर्वांवर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा बॅटरी आणि मजुरी मिळून १,७०० रुपये झाले, तर करापोटी आणखी ३०६ रुपये. महागड्या फोनचे आकडे याच्या कितीतरी पुढे जातात. आयफोन १३ आणि त्यापूर्वीच्या अनेक फोनच्या बॅटरीसाठी अॅपल अमेरिकेत मार्च २०२३पासून ८९ डॉलर घेऊ लागली, त्याआधी हाच दर ६९ डॉलर होता. वॉरंटीबाहेरचा ग्राहक अडलेला असतो, हे दर ठरविणाऱ्यालाही कळत असावे.

पैशात न मोजता येणारा खर्चही आहे. फोन दुकानात ठेवावा लागतो आणि त्यात बँकेची अॅप, घरचे फोटो, कार्यालयाचे ई-मेल असतात. काही सेवा केंद्रे दुरुस्तीपूर्वी सर्व माहिती पुसून टाकण्यास सांगतात. काही ठिकाणी अनोळखी माणसाला पासवर्ड लिहून द्यावा लागतो. बॅटरीसारख्या वस्तूसाठी ही किंमत मोजायला अनेक जण, विशेषतः महिला, तयार नसतात, आणि त्यात त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

मग गल्लीतल्या कारागिराकडे जावे तर तेथे दोन अडचणी. एक म्हणजे बॅटरीचा दर्जा. 'ओरिजिनल', 'कंपनीची', 'फर्स्ट कॉपी' हे शब्द दुकानागणिक बदलतात आणि वेष्टनावर छापलेली क्षमता खरी असेलच असे नाही. भारतात अशा बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, परंतु काउंटरवर उभा असलेला ग्राहक तो क्रमांक क्वचितच पाहतो. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. २०१८ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी बसविली, की ती अस्सल असल्याची खात्री करता येत नाही असा संदेश झळकतो. बनावट मालापासून हे संरक्षण आहे, तसाच स्वतंत्र कारागिराच्या कामावर मारलेला शिक्काही.

वीस डॉलरचा नव्हे, पन्नास डॉलरचा धडा

बॅटरी स्वस्तात बदलून मिळाली तर ग्राहक काय करतो, याचे उत्तर एका मोठ्या प्रकरणाने दिले आहे. बॅटरी जुनी झाली, की काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो, हे अॅपलला डिसेंबर २०१७मध्ये मान्य करावे लागले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हा कंपनीचा खुलासा तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. पण ग्राहकाला ते सांगितलेच नव्हते. फोन मंदावला तो बॅटरीमुळे, हे न कळल्याने अनेकांनी नवा फोन घेतला असणार. संताप उसळल्यावर कंपनीने २०१८ या वर्षापुरता बॅटरी बदलण्याचा दर ७९वरून २९ डॉलरवर आणला. पन्नास डॉलर कमी.

त्यानंतर २ जानेवारी २०१९ रोजी अॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी राहणार असल्याचे कळविले. चीनची मंदी हे मुख्य कारण होते. पण ग्राहक जुने फोन बदलेनात, यामागच्या कारणांत त्यांनी स्वस्त झालेल्या बॅटरीचाही उल्लेख केला. बॅटरीचा दर आणि नव्या फोनची विक्री यांचा संबंध काय, यावर आता तर्क लढविण्याची गरज उरलेली नाही. पुढे २०२०मध्ये फ्रान्सने या प्रकरणी कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड केला आणि अमेरिकेतील दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतच्या भरपाईची तडजोड झाली.

हाच हिशेब आपल्याकडे मांडून पाहू. समजा पंधरा हजारांचा फोन तीन वर्षे वापरला. महिन्याला साधारण ४१७ रुपये पडले. आता दोन हजार रुपये खर्चून बॅटरी बदलली आणि फोन आणखी दोन वर्षे चालला, तर या दोन वर्षांसाठी महिन्याला सुमारे ८३ रुपये. फरक पाचपट आहे. अर्थात यात एक अट आहे. फोनला सुरक्षेची अपडेट मिळत असली पाहिजेत. ती बंद झाली असतील, तर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने नव्या बॅटरीवर फार पैसे घालू नयेत. स्वस्त फोनमध्ये बॅटरी जाण्याची आणि अपडेट थांबण्याची वेळ जवळपास एकच येते आणि ग्राहक दोन्हीकडून अडकतो.

युरोपचा नियम आणि आपला निर्देशांक

युरोपीय महासंघाने याबाबत कायद्याचा मार्ग धरला. तेथे २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चार्जनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची असावी लागते. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे सुटे भाग पुरवावे लागतात आणि त्यांच्या किमती जाहीर कराव्या लागतात. बॅटरी कधी बनली, किती वेळा चार्ज झाली, आता तिची अवस्था काय, हे ग्राहकाला फोनमध्येच दिसले पाहिजे. त्याशिवाय २०२३च्या बॅटरीविषयक कायद्यातील, ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता आली पाहिजे, ही तरतूद लागू होण्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ आहे.

मात्र यावरून जुन्या नोकियासारखे झाकण परत येईल, अशी आशा कोणी बाळगू नये. स्मार्टफोनच्या नियमांत एक पळवाट ठेवलेली आहे. ५०० चार्जनंतर ८३ टक्के आणि १,००० चार्जनंतर ८० टक्के क्षमता टिकविणारी बॅटरी असेल आणि फोन धूळ व पाण्यापासून पुरेसा सुरक्षित असेल, तर बॅटरी बदलण्याचे काम कारागिरावर सोपविण्याची मुभा कंपनीला आहे. मोठ्या कंपन्या याच वाटेने जातील, असे दिसते. तरीही दबावाचा परिणाम दिसतो आहे. २०२४च्या आयफोन १६मध्ये अॅपलने असा गोंद वापरला, की साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह सोडल्यावर तो दीड मिनिटात सुटतो. मनात आणले तर काय करता येते, याचा हा नमुना.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. सेवा केंद्रे, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू. त्यानंतर सप्टेंबर २०२४मध्ये 'दुरुस्ती निर्देशांका'ची चौकट ठरविण्यासाठी आणखी एक समिती नेमली गेली. तिने मे २०२५मध्ये अहवाल दिला. फोन उघडणे किती सोपे, सुटे भाग किती लवकर मिळतात, त्यासाठी कोणती हत्यारे लागतात, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, अशा निकषांवर स्मार्टफोन आणि टॅब्लेटला गुण द्यावेत आणि ते खरेदीच्या वेळी ग्राहकाला दिसावेत, असे त्यात सुचविले आहे. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुणांचा निर्देशांक १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला होता. आपल्याकडील शिफारशीनुसार गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासण्यासारखी ही पद्धत आहे आणि तिच्यावर देखरेख कोण करणार, यावर तिचे यश ठरेल. शिवाय गुणांची पाटी लागली तरी बॅटरीचा दर पाटीवर येत नाही. ग्राहकाला आधी हवी असते ती दराची माहिती.

तोवर ग्राहकाने काही गोष्टी स्वतः कराव्यात. नवा फोन घेतानाच त्या मॉडेलची बॅटरी बदलण्याचा सर्व करांसह दर विचारावा. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो मिळतो. दुकानदाराला तो ठाऊक नसेल, तर सेवा केंद्राला फोन करावा. बॅटरीवरील वॉरंटी फोनइतकीच आहे की कमी, हे वॉरंटीच्या कार्डावर वाचावे. दुरुस्तीला देताना फोनमधील माहितीची प्रत काढून ठेवावी आणि काच तडकल्यास जबाबदारी कोणाची, हे पावतीवर लिहून घ्यावे. नव्या बॅटरीवरही किमान काही महिन्यांची हमी मागावी, ती देण्यास कारागीर कां-कूं करू लागला तर माल कसा आहे ते समजावे. सेवा केंद्राने अडवणूक केल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

फोनची मागची बाजू फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर मात्र खर्चाचा विचार करीत बसू नये. तो फोन चार्जिंगला लावू नये, दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये आणि उशीजवळ तर अजिबात ठेवू नये. काढलेली जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकणे २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत बसत नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेटू शकते. ती सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. गोळा झालेल्या बॅटऱ्यांवर पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी याच नियमांनी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली आहे.